नव्या रायफलीचा आग्रह मी का सोडला

नंदुरबारसारख्या जिल्ह्यातली मुले नेमबाजीत मागे पडतात ती हत्यारामुळे, असे मी बरीच वर्षे ठामपणे म्हणत आलो. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या हाती परदेशी रायफल, आपल्याकडे जुनी. मग गुण यायचे कुठून? मी स्वतः रायफली बदलत राहिलो. शिकवू लागल्यावर पालकांनाही तेच सांगत असे : आधी चांगली रायफल घ्या. आता मी तसे सांगत नाही.

मत बदलले ते एका साध्या चाचणीने. जिला मी नावे ठेवत होतो तीच जुनी मॅच रायफल शिकंज्यात घट्ट आवळली आणि दहा मीटरवरच्या टार्गेटवर पेलेट सोडले. सगळे जवळजवळ एकाच भोकातून गेले. खांद्याला लावून झाडल्यावर मात्र तेच पेलेट कागदभर पसरत होते. हा फरक रायफलीचा नव्हता.

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. तिथवर पोहोचायचे तर उभे राहण्याची ढब, श्वास रोखण्याची नेमकी वेळ, ट्रिगरवरचा सलग दाब आणि पेलेट सुटल्यावरही क्षणभर नेम न सोडणे, हे सारे अंगात मुरावे लागते. रायफल बदलली की बट, तोल, ट्रिगर सगळेच बदलते, आणि मुरत आलेले शरीर पुन्हा पहिल्या धड्यावर येते.

खरे तर हे आमच्या सातपुड्यात कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या भिल्ल तिरंदाजाचा कामठा (धनुष्य) बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्या कामटीची. त्याचा नेम लहानपणापासूनच्या सवयीतून येतो.

नेमबाज स्वप्निल कुसाळेकडेही मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा हा मुलगा २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक जिंकले. सरावासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे आपण वाचले. मला त्यात मधली वर्षे मोठी वाटतात : गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने, त्याच तीन पवित्र्यांच्या सरावात घातलेली.

हत्यार निकामी असले तरी चालते, असे मी म्हणणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले आणि मोलाची मिनिटे गेली. रायफल भरवशाची हवी, तिची निगा हवी. पण भरवशाची एक असताना दुसरीचा ध्यास घेणे म्हणजे सराव पुढे ढकलणे.

म्हणून पालकांना आणि क्रीडा खात्याला माझे मनापासून सांगणे आहे : दुसऱ्या रायफलीचे पैसे पेलेटवर, चांगल्या प्रशिक्षकावर आणि तालुक्याच्या गावी दहा मीटरच्या सुरक्षित रेंजवर खर्च करा. एक रायफल चार मुलांना पुरते. पेलेट न भरता करायचा सुका सराव तर फुकट आहे. तो शिक्षकाच्या नजरेखाली रोज अर्धा तास होऊ द्या. नंदुरबारचे मूल मागे राहिले तर ते सराव न मिळाल्यामुळे राहील, आणि सराव देणे आपल्या हातात आहे.