विंडमिलच्या दारात

पाहुणे आले की लंडनचं पिकॅडिली ठरलेलंच. यंदा मात्र जवळच्या ग्रेट विंडमिल स्ट्रीटवर आम्ही मुद्दाम थांबलो. इथल्या विंडमिल थिएटरात १९३२ पासून १९६४ पर्यंत नाचगाण्यांचे खेळ होत. त्यात नग्न तरुणी उभ्या राहत. पण सरकारी सेन्सॉरची अट अशी, की त्यांनी जराही हलायचं नाही!

आपल्या लावणीचं उलट. अंगभर नऊवारी, आणि हलल्याशिवाय लावणीच नाही. तरी नाकं मुरडली जातातच. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळायला २०१२ उजाडलं, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

गेल्या गणपतीत आमच्या कन्येनं लावणी केली, तर एक काका म्हणाले, "हे कशाला?" ती गप्पच झाली. म्हणून नाचणाऱ्या सगळ्याजणींना आमचा घरगुती सल्ला : तालीम पूर्ण पेहरावात करा. घुंगरांखाली कापडी पट्टी बांधा. थंड हॉलमध्ये आधी पाय मोकळे करा. व्हिडिओ कोण काढणार, कुणाला पाठवणार, हे तुम्हीच ठरवा. आणि काकांना पहिल्या रांगेत बसवा!

पुढच्या गणपतीत ती पुन्हा नाचणार आहे. पिनांचा डबा आम्ही धरणार.