तीन नंबरचा सिलिंडर

संध्याकाळचा रोल कॉल संपवून मोबाईल हातात घेतला तर बायकोचे नऊ मिस्ड कॉल. फौजीच्या मोबाईलवर घरून नऊ मिस्ड कॉल आले की पोटात गोळा येतो. लगेच लावला. मागून पाऊस आणि हॉर्नचा आवाज, आणि मध्ये तिचा.

"अहो, हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर आहे. गाडी थरथरतेय, उचलतच नाही. पिवळा दिवा लुकलुकतोय. मागचे सगळे शिव्या घालतायत."

यावर मी काय म्हणालो ते लिहायलाच हवं. मी म्हणालो, "क्लच नीट सोडत नसशील."

अठरा वर्षं एमटीत काढलेल्या माणसाचं हे निदान. गाडीत मुलगी होती, बाहेर ऑक्टोबरचा पाऊस, आणि संध्याकाळचं हेब्बाळ म्हणजे काय ते बंगळुरात राहिलेल्यांना सांगायला नको. तिने फोन ठेवला, हझार्ड लाइट लावले, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गाडी खाली उतरवली आणि पहिल्या पेट्रोल पंपावर एका कडेला लावून दोघी रिक्षाने घरी आल्या. नंतर कळलं की तिने अगदी बरोबर केलं होतं. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळू घरापर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातंय, आणि वाटेतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने तापून खराब होऊ शकतं. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं, पण तिने इंजिनचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी कशीबशी एका गॅरेजमध्ये नेली. कुठलं ते लिहीत नाही. त्यांनी दहा मिनिटांत कागद हातात दिला: चार इग्निशन कॉईल, चार प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एअर फिल्टर, एसी फिल्टर. एकूण चौदा हजार सहाशे. चारही कॉईल एकाच वेळी कशा गेल्या म्हणून विचारलं तर म्हणाले, "सर, एक गेली की बाकीच्याही जातातच." मी गाडी घेऊन परत आलो.

पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न दुसरा होता. माझी पोस्टिंग ऑर्डर आली होती आणि हातात तेवीस दिवस होते. (कुठे ते विचारू नका, नेहमीच्या वाचकांना कारण माहीत आहे.) मुलीची दहावी म्हणून क्वार्टर ठेवायची परवानगी मिळाली होती, म्हणजे ती दोघी इथे आणि मी वर. क्लास, दवाखाना, कँटीन, सगळं याच गाडीवर. त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही गेल्यावर असा कागद कोणी हातात दिला तर मी काय करायचं? सही करायची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एमटीचा माणूस असून का नव्हतं, तेही सांगतो. मी आयुष्य घालवलं डिझेलवर. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेट घेतं. पेट्रोलवर हात चालला तो फक्त जिप्सीवर. आमच्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती अजून आठवते: इंजिन मिसिंग मारत असेल तर चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर जपून उचलायची. जी उचलल्यावर इंजिनाचा आवाज आणखी पडतो तो सिलिंडर जिवंत. जी उचलल्याने काहीच फरक पडत नाही, तो मेलेला.

आमच्या गाडीत त्या वायरीच नाहीत. ती २०१३ची, पेट्रोल, चार सिलिंडर, मी सेकंडहँड घेतलेली. बॉनेट उघडलं की चार काळ्या कॉईल ओळीने प्लगच्या डोक्यावर बसलेल्या दिसतात. प्रत्येक कॉईल बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट करून थेट खालच्या प्लगला देते. चालू इंजिनावर तिला हात लावायचा नाही. पण उस्तादांची युक्ती इथेही चालते, फक्त उलट्या बाजूने.

शेजारचे सुभेदार साहेब ईएमईचे, केरळचे. सरकारी वर्कशॉपचा साधा पेचकस खासगी गाडीला लावायचा नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कडक माहीत. पण त्यांची स्वतःच्या पैशाने घेतलेली टूलकिट आहे, टॉर्क रेंचसकट, आणि हजाराच्या आतला एक ब्लूटूथ स्कॅनरही. शनिवारी सकाळी तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. मोबाईलवर कोड आला: पी-०३०३. शेवटचा तीन म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

साहेब म्हणाले, "अब तीन का कॉईल एक पे, एक का तीन पे." चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, दहा नंबरचे दोन बोल्ट, दोन कनेक्टर. कॉईलची अदलाबदल केली, जुना कोड पुसला, इंजिन सुरू केलं. पुन्हा तीच थरथर. नवा कोड: पी-०३०१. आजार कॉईलबरोबर चालत एक नंबरवर आला होता. तो तीनवरच राहिला असता तर दोष प्लगचा, इंजेक्टरचा किंवा आणखी आतला. म्हणजे चारातली एक कॉईल मेली होती, तीन धडधाकट. वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य.

बायको शेजारी चहाचा कप धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मग क्लच?"

प्लग बाहेर काढल्यावर आणखी लाज वाटायची होती. तो गाळा इतका खोल असतो की सोळा नंबरची लांब गोटी आणि एक्स्टेन्शन लागतं. आधी सायकलच्या पंपाने गाळ्यातली धूळ उडवली. तसाच प्लग खोलला तर ती माती थेट सिलिंडरमध्ये पडते. शिवाय इंजिन गार हवं. हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना जोर लावला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग फिकट तपकिरी, म्हणजे जळण ठीक. तीनचा काळा आणि ओला. पण फीलर गेज लावली तर चारही प्लगची फट वाढलेली. पुस्तकात १.१ मिलिमीटरपर्यंत दिलीय, इथे १.४ची पाती सहज आत गेली. इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या.

साहेबांनी प्लग हातात फिरवला आणि विचारलं, "कब बदला था?"

गाडी घेतली तेव्हा एकतीस हजार किलोमीटर झाले होते. आता ब्याण्णव हजार. पुस्तक म्हणतं चाळीस हजाराला प्लग बदला. मी एकदाही बदलले नव्हते. फट वाढली की ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात, ते कॉईलला द्यावे लागतात, रोज, हजारो वेळा, आणि शेवटी तिचं आतलं इन्सुलेशन हरतं. कॉईल मेली ती बहुतेक प्लगमुळे, आणि प्लग तसे राहिले ते माझ्यामुळे.

फौजेत गाडी सकाळी फर्स्ट परेड केल्याशिवाय हलत नाही. तेल, पाणी, हवा, बेल्ट, बॅटरी. वाटेत हॉल्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड, आणि सगळं कार डायरीत. अठरा वर्षांत माझ्या कार डायरीवर लाल शेरा नाही. आणि ज्या गाडीत माझी मुलगी बसते तिची डायरीच नाही.

सामान आणायला त्याच दुपारी जे. सी. रोडला गेलो. टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा हा रस्ता म्हणजे गाडीच्या सुट्या भागांचा बाजार. बेअरिंगवाले, गॅस्केटवाले, हेडलाइटवाले, दुकानाला दुकान लागून. बायकोला मुद्दाम सोबत नेलं. ती जतची, माहेरी अर्धं गाव कन्नड बोलतं. बंगळुरातले लोक तिचं कन्नड ऐकून हसतात, म्हणतात हे विजापूरकडचं, पण भाव मात्र कमी करतात. दुकानदार आधी माझ्याशी दखनीत बोलला, "चारों बदल देव साब, टेन्शन नक्को." मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ओंदे साकु." एकच पुरे. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकच कॉईल काउंटरवर ठेवली.

तिथून आडुगोडीवरून परतलो. आमच्या गावी वडिलांची राजदूत होती. ती अडली की वडील प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारायचे आणि मला म्हणायचे, "मायको आहे, मरत नाही." मला लहानपणी मायको म्हणजे प्लगचंच दुसरं नाव वाटायचं. ती मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली सुरू झालेली, कारखाना याच आडुगोडीत होता. २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण मायको लेआउट अजून मायको लेआउटच आहे. तीन वर्षं या रस्त्याने जात होतो, वडिलांचा प्लग इथला हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "ते निदान काढून घासायचे तरी." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी सकाळी काम काढलं. पहिले दोन प्लग मी बसवले, ती बघत होती. नवा प्लग थेट गोटीने फिरवायचा नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंडीवर चढवायचा आणि बोटांनी फिरवत आत सोडायचा. आटे वाकडे लागले तर रबर घसरतं, प्लग अडतो, नुकसान होत नाही. पूर्ण बसला की मग गोटी. टॉर्क रेंच असेल तर पुस्तकातला आकडा लावायचा. नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धी फेरी. जास्त जोर म्हणजे मर्दुमकी नाही, हेडचे आटे गेले तर हजारांचं काम आहे.

एवढं ज्ञान देता देता मीच दोन नंबरच्या कनेक्टरची क्लिप मोडली. इंजिनच्या उष्णतेने ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. खटका दाबून हलकं ओढायचं असतं. मी नुसतंच ओढलं. कट्ट असा आवाज आला. साहेब गॅलरीतून खाली बघत होते, काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी काळ्या झिप टायने कनेक्टर बांधला.

तीन आणि चार तिने बसवले. बांगड्या काढून ठेवल्या, रबरी पाइप बोटांत धरला, आणि तीन नंबरला पहिल्या फेरीतच थांबली. "अडतोय." मी म्हणालो, फिरव, बसेल. ती म्हणाली, "नाही, अडतोय." काढून पुन्हा लावला, आणि तो लोण्यासारखा आत गेला.

एअर फिल्टरचं काम सोपं, डब्याच्या क्लिपा उघडायच्या आणि बदलायचा. जुना इतका काळा होता की मुलीने विचारलं, हा मूळचाच या रंगाचा असतो का? एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. तो ओढला तर आधी बाहेर पडली वाळलेली फुलं. आमची गाडी टॅबेबुयाच्या झाडाखाली उभी असते. गुलाबी फुलांचा सडा पडला की बंगळूर फोटो काढतं, आम्हीही काढले होते, बॉनेटवर मुलीला बसवून. त्याच फुलांचा भुगा आम्ही नाकाने ओढत होतो. मुलीची सकाळची शिंक मी परीक्षेच्या टेन्शनवर ढकलली होती. फिल्टर बदलल्यावर ती पूर्ण थांबली असं नाही म्हणणार, कमी झाली.

एकूण खर्च चार हजारांच्या थोडा आत. इंजिन सुरू केलं तेव्हा बायकोने बॉनेटवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नंतर आम्ही हेब्बाळला गेलो, तीच चालवत होती. फ्लायओव्हरवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली तेव्हा मला क्लचबद्दल माफी मागायची होती. मी म्हणालो, "पिकअप चांगला आहे." तिने डोळे रस्त्यावरून हलवले नाहीत. म्हणाली, "पुढे बोला." मग मागितली.

निघायच्या आदल्या रात्री दोनशे पानी वहीवर रेघा मारून कार डायरी केली. तारीख, किलोमीटर, काय पाहिलं, सही.

आता इथे वर नेटवर्क मर्जीने येतं. परवा आलं तेव्हा वहीच्या पानाचा फोटो येऊन पडला होता. तिच्या अक्षरात: "९४,३१०. तेल ठीक. हवा चारही चाकं ३०. एअर फिल्टर काढून झटकला. दोन नंबरचा झिप टाय तुटला होता, नवा बांधला. काळा मिळाला नाही, पांढरा लावलाय." खाली सही तिची, आणि शेजारी तपासणाराची म्हणून मुलीची.