कळसूबाईची शिडी आणि मोकळे हात

नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला निघालेले ज्येष्ठ आपण पाहिले असतील. कदाचित आपणही त्यांतले एक असाल. अकोले तालुक्यातील बारी गावातून निघालेली वाट १,६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील या सर्वोच्च शिखरावर पोहोचते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. तेथे दोन्ही हात कठड्याला हवेत. आपल्या मात्र एका हातात काठी, दुसऱ्यात बाटली आणि खांद्यावरून ओघळणारी पूजेची पिशवी!

तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाची बुडी मारणारे जाणकार नळी किंवा दाबमापक लोंबू देत नाहीत; सारे अंगालगत अडकवतात, कारण लोंबणारी वस्तू खडकात गुंतते. शिडीवरही पिशवीचा बंद गजात अडकला की तोल जातो.

म्हणून पिशवी पाठीवर घ्या, छातीवरचा पट्टा लावा, मोकळी टोके आत खोचा. पदर, उपरणेही खोचलेले बरे. घडी होणारी काठी पिशवीला उभी बांधा. लाकडी असेल तर सोबत्याकडे द्या. चष्म्याला दोरी हवी. मोबाइल गळ्यात अजिबात नको.

औषधे मात्र पिशवीच्या तळाशी नकोत. मधुमेहाचे औषध चालू असल्यास साखरेची पुडी, आणि डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असल्यास तीही, कोणत्याही एका हाताने उघडेल अशा छातीवरच्या खिशात ठेवावी. ती गोळी बसूनच घ्यावी. रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. छातीत दुखले तर चढणे तिथेच थांबवावे. खिसा कोणता, हे सोबतच्या मुलाने बारीतच पाहून ठेवावे.