टीसीची रायफल

बायथलॉन नावाचा एक खेळ आहे. पायाला स्की आणि पाठीवर रायफल. बर्फातून काही किलोमीटर जीव खाऊन जायचं, मग एकदम थांबायचं, आडवं पडून किंवा उभं राहून ५० मीटरवरची पाच टार्गेट्स उडवायची आणि पुन्हा सुटायचं. छाती भात्यासारखी हलत असते, नाडी दीडशेच्या वर, आणि त्या धडधडीत नेम धरायचा! आडवं पडून मारायचं टार्गेट ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं मारायचं ११५ मिलिमीटरचं. बहुतेक शर्यतींत एक नेम चुकला की १५० मीटरचा एक जादा फेरा. शिक्षा म्हणून.

आमच्या मारेगावात (जिल्हा यवतमाळ, वणीच्या अलीकडे) हा खेळ कुणी खेळणं शक्य नाही. बर्फ लागतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीवर. :)

पण इंटरनेटवर भटकता भटकता मला अलेक्झांडर तिखोनोव सापडला आणि मी अडकलो. हा रशियन, तेव्हाच्या सोव्हिएत संघातला. १९६८ ग्रेनोबल, १९७२ साप्पोरो, १९७६ इन्सब्रुक, १९८० लेक प्लॅसिड अशा सलग चार हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायथलॉनच्या रिले शर्यतीचं सुवर्णपदक त्याच्या संघाला मिळालं, आणि चारही वेळा तो संघात होता. बारा वर्षं! आयटीत बारा वर्षांत माणूस पाच कंपन्या बदलतो.

तिखोनोव दिनामोकडून खेळायचा. दिनामो ही सोव्हिएत पोलीस आणि सुरक्षा खात्याशी जोडलेली क्रीडा संघटना. तेव्हा ऑलिंपिकमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्याला प्रवेश नव्हता, म्हणून सोव्हिएत खेळाडू कागदोपत्री हौशी असायचे. प्रत्यक्षात खेळणं हेच त्यांचं काम असायचं, आणि चूल पेटायची ती कुठल्या तरी सरकारी खात्याच्या नाहीतर कारखान्याच्या पगारावर. अमेरिका आणि पश्चिम युरोपवाले यावरून कायम बोटं मोडायचे.

आता गंमत बघा. बायथलॉनमध्ये पूर्वी मोठ्या काडतुसाच्या रायफली असायच्या. १९७८ पासून त्या जाऊन .२२ ची छोटी रायफल आणि ५० मीटर अंतर आलं. म्हणजे तिखोनोवचं शेवटचं, १९८० चं पदक .२२ रायफलीवर, ५० मीटरवरून. हाच बोअर आणि हेच अंतर घेऊन महाराष्ट्रातल्या एका मुलानं १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिक पदक मिळवलं. आणि त्याचीही चूल सरकारी पगारावरच पेटत होती. तो मध्य रेल्वेत टीसी होता!

स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी मुलाला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथं पहिलं वर्ष नुसती शारीरिक कसरत, मग एक खेळ निवडायचा. पोरानं नेमबाजी निवडली. आता नेमबाजी म्हणजे काही कबड्डी नव्हे की चड्डी खोचली आणि उतरलो मैदानात. रायफल लाखांत, काडतुसं बाहेरच्या देशातून येणारी आणि सरावात ती शेकड्यांनी उडतात. वर जाड कॅनव्हास-चामड्याचं जाकीट, तसलीच विजार, खास बूट. शिक्षकाच्या पगारात हे कसं बसवायचं?

२०१५ मध्ये त्याला रेल्वेत नोकरी लागली. त्यानंतर सहा महिन्यांचा पगार साठवून त्यानं स्वतःची पहिली रायफल घेतली. हे वाक्य वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो. आपण पहिल्या पगारात काय घेतो? आईला साडी, मोबाईल, मित्रांना पार्टी. ह्यानं आपल्या कामाचं अवजार घेतलं. महेंद्रसिंग धोनी आपली प्रेरणा आहे असं तो सांगतो. धोनीही खरगपूरला टीसीच होता. काळ्या कोटात काहीतरी असावं!

त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून २० गोळ्या, आडवं पडून २०, उभं राहून २०. एकूण ६० गोळ्या, ६०० गुण. बायथलॉनमधलं टार्गेट ४५ मिलिमीटरचं, असं वर म्हटलं. इथं दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं. तेही ५० मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या जवळपास अडीच पिचांइतकं लांब. इथं पळून आल्यामुळे धडधडत नाही हे खरं, पण स्वतःच्या हृदयाचा ठोकासुद्धा रायफलीची नळी हलवतो. त्या हलण्यातून मार्ग काढत बोट दाबायचं. उभ्यानं मारताना तर हातातला जड ऐवज स्थिर ठेवायचा आणि श्वासही अर्ध्यावर धरायचा. थोडक्यात, बायथलॉनवाला पळून आलेल्या छातीशी भांडतो आणि हा बसल्या जागी घाबरलेल्या छातीशी.

आणि छाती घाबरायला कारणं होती. २०२२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत कुसाळे चौथा आला. त्यामुळे भारताला पॅरिस ऑलिंपिकचा कोटा मिळाला, पण गळ्यात काही नाही. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ऐश्वर्य प्रतापसिंग तोमर आणि अखिल शेरॉन यांच्याबरोबर सांघिक सुवर्ण मिळालं. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र तो पुढे असताना एक गोळी ७.६ वर गेली. एकच गोळी! पुन्हा चौथा.

चौथा नंबर फार वाईट. आठव्याला कुणी काही विचारत नाही, तो सुखात असतो. चौथ्याला मात्र सगळे तेच विचारतात, "अरे, थोडक्यात गेलं ना?" माझ्या मते कुसाळेच्या कारकिर्दीतली खरी परीक्षा या दोन चौथ्या नंबरांनंतरची आहे. कारण कोटा देशाचा असतो, मिळवणाऱ्या माणसाचा नाही. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये दिल्ली आणि भोपाळला निवड चाचण्या झाल्या. ज्यानं कोटा आणला त्यालाही पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं. शेरॉननंही भारतासाठी एक कोटा आणला होता, आणि तो घरी राहिला. कुसाळे आणि तोमर गेले. कुसाळेच्या पाठीशी होत्या त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, ज्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला नेमबाज म्हणून गेल्या होत्या.

शातोरूच्या रेंजवर पात्रता फेरीत कुसाळे ५९० गुणांनी सातवा आला. अंतिम फेरीत आठच जण. गुडघ्यावर १५, आडवं १५, मग उभं. गुडघ्यावरच्या गोळ्यांनंतर तो सहावा, आडव्यानंतर पाचवा. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त हलतं त्या उभ्याच्या गोळ्यांनाच हा वर सरकत गेला. एकेक जण बाद होत होता. चौथा बाद झाला आणि तो कुसाळे नव्हता! शेवटी ४५१.४ गुण आणि कांस्य. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनला, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशला. या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ.

महाराष्ट्राच्या माणसाला याआधी वैयक्तिक ऑलिंपिक पदक कधी मिळालं होतं? १९५२, हेलसिंकी. खाशाबा जाधव, कुस्ती, कांस्य. मध्ये बहात्तर वर्षं! खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून पैसे उभे केले असं सांगतात. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण पोलिसातली नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. खाशाबांचं आधी पदक, मग पगार. तिखोनोवचं आणि कुसाळेचं आधी पगार, मग पदक. पदक मिळाल्यावर राज्य सरकारनं कुसाळेला एक कोटी जाहीर केले, रेल्वेनं बढती देऊन ओएसडी केलं, फोटोबिटो झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण हिशेब करायचा तर पदक त्या कोटीतून आलेलं नाही. ते आलंय २००९ च्या प्रबोधिनीतून आणि २०१५ च्या पगारातून. जेव्हा ह्या मुलाचं काही होईल याची कुणालाच खात्री नव्हती, तेव्हाच्या पैशातून. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट हिट झाल्यावरचा बोनस वेगळा आणि प्रॉडक्ट नसतानाचं फंडिंग वेगळं.

आणि पदक न मिळालेल्यांचं काय? कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेत्या झाल्या. नेमबाजीत जगज्जेती झालेली पहिली भारतीय महिला. पण महिलांचा प्रोन हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाहीच! त्यांना पहिलं ऑलिंपिक खेळायला मिळालं ते टोकियोचं, २०२१ मध्ये, वयाच्या चाळिशीत. कुसाळेला घडवण्यात त्यांचाही हात आहे. असे लोक मधल्या काळात टिकून राहतात म्हणून पुढच्याला कुणाच्या तरी मागून चालता येतं. कोल्हापूरला ही साखळी आहे.

मारेगावात काय आहे? पहाटे पाचला वणी रोडवर या. अंधारात पोरं धावताना दिसतील, हल्ली पोरीही. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असं मैदान असतं, त्यातल्या १६०० ला सगळ्यात जास्त गुण. कापसाचा काय भाव लागेल त्याचा भरवसा नाही, पगाराचा आहे, म्हणून धावायचं. गुण मिळाले, नोकरी लागली की बहुतेकांचं धावणं तिथंच संपतं. कुसाळेची नोकरी लागली आणि तिथून त्याचा खेळ खऱ्या अर्थानं सुरू झाला. आमच्याकडे खेळ हा नोकरीचा रस्ता, त्याच्याकडे नोकरी हा खेळाचा. वणी रोडच्या पोरांत दम कमी आहे असं मला बिलकूल वाटत नाही. त्यांच्यात एखादा तिखोनोव असलाच, तर त्याला १६०० मीटरच्या पुढे पळायला कुणी सांगितलेलंच नाही.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. भाचा सातवीत आहे. त्यानं मोबाईलवर कुसाळेच्या फायनलचा व्हिडिओ काढून दाखवला आणि म्हणाला, "मामा, हे बंदुकीचं कुठी शिकवतेत?"

ताई आतून ओरडली, "काही शिकू नको बंदुकीचं. आधी दहावी होऊ दे त्याची!"

"दहावीपर्यंत उशीर होते ना, आई," भाचा म्हणाला.

पोरगं बरोबर बोललं. कुसाळे प्रबोधिनीत गेला तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. मी त्याला सांगितलं की हा पैशाचा खेळ आहे, जवळपास रेंज नाही, आणि जगज्जेतेपद मिळालं तरी ऑलिंपिक मिळेलच असं नाही. हेही सांगितलं की राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, रेल्वेतही खेळाडूंची वेगळी भरती होते. ते ऐकून ताई बाहेर येऊन बसली. पगाराचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे येऊन बसतात. :)

भाच्याला रायफल काही मी देऊ शकत नाही, आणि तो कुसाळे होईल असंही मला वाटत नाही. पण प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी असतात, काय पळवतात, काय उड्या मारायला लावतात, ते यवतमाळच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारता येतं. तेवढं ठरलंय. पुढच्या महिन्यात ताई त्याला घेऊन जाणार आहे. एसटीचं तिकीट मामाकडून.