येळवशीला पोरांचा मान

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं ओस पडतात. दुकानांना कुलपं, रस्ते मोकळे आणि माणसं सगळी रानात. पंचांगातली ही वेळा अमावास्या, आमची येळवस. लातूर, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीतही ती साजरी होते. पुण्यात मात्र समजावून सांगावी लागते.

माझं बालपण उमरगा तालुक्यातल्या खेड्यात गेलं. येळवस आदल्या दिवशीच घरात शिरायची. तुरीच्या, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, वटाणा सोलायला आम्ही पोरं बसायचो. आजीला रात्रभर डोळ्याला डोळा नसे. शेंगदाणे, चिंच, पालेभाज्या घालून बेसन लावलेली दाट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली लसणाची अंबील. सकाळी खांद्यावर घोंगडी टाकून, अंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन अप्पा पुढे निघायचे.

रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी असे. तिच्यात पाच पांडव मांडायचे, म्हणजे पाच दगड. ते बांधावरून निवडून, धुऊन, चुन्यानं रंगवायचं काम पोरांचं. धर्मराजाचा दगड कुणाचा, यावरून भावंडांत हाणामारी व्हायची. पूजेनंतर अप्पा पिकावर अंबील शिंपत पुढे आणि आम्ही ‘ओलगे ओलगे’ ओरडत मागे. वाटसरूंना जेवायला बोलवायचा मानही आमचाच. ‘‘हाक मार रं, वळखीचा असू नसू,’’ आजी म्हणायची. दिवस कलला की मडक्यातलं दूध उतू घालवायचं आणि मग हेंडगा. पेटती पेंडी घेऊन पिकाभोवती पळायचं. त्या धगीचा वास अंगाला दुसऱ्या दिवशीही यायचा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. सास्तूर तर तेव्हा आमच्याच तालुक्यातलं. जानेवारी 1994 मध्ये येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. यंदा काही करायचं नाही, असं मोठ्यांचं ठरलं होतं. आजी म्हणाली, ‘‘माणसं गेली, रान तर हितंच हाय. त्याला उपाशी ठिवू नका.’’ अंबील आणि भाकरी घेऊन आम्ही गेलो. दगड आम्हीच धुतले. हेंडगा त्या साली कुणी पळवला नाही.

आता माझं घर पुण्यात आहे. सोसायटीत 31 ऑक्टोबरला हॅलोवीन होतो. माझी मुलगी कागदाची टोकदार टोपी घालून चेटकीण होते आणि मैत्रिणींबरोबर दारोदार चॉकलेटं मागते. काही शेजारी नाकं मुरडतात. मला त्यात वावगं दिसत नाही. आयर्लंडकडचा हा सण, सुगी संपून हिवाळा लागतानाचा. तिकडेही जुन्या काळी त्या रात्री शेकोट्या पेटत आणि मेलेल्यांची आठवण निघे. मुलांना तो का आवडतो, हेही उघड आहे. सोंग त्यांचं, पिशवी त्यांची, बेलही त्यांनीच वाजवायची. मोठ्यांनी फक्त दार उघडायचं.

येळवशीला हल्ली उलटं चालतं. मुलांना गाडीतून रानात न्यायचं, घोंगडी पांघरून फोटो काढायचे, आयतं ताट पुढे ठेवायचं. पोरं तासाभरात मोबाइलवर. म्हणून आमच्या रानात दगडांचं आणि वाटसरूंचं खातं मी मुलीकडे दिलंय. तिची पहिली हाक इतकी हळू होती की माणूस सरळ निघून गेला. पुढच्याला तिनं रस्ता अडवूनच गाठलं, ‘‘मामा, अंबील पिऊन जावा.’’ तो जेवायला बसला, तेव्हा तिचा तोरा आजीसारखाच होता.

सण टिकवायला भाषणं लागत नाहीत. ज्या सणात पोरांना काम असतं, तो पोरं आपणहून पुढे नेतात. यंदा येळवशीला जाणार असाल तर मुलांना आदल्या रात्रीच शेंगा सोलायला बसवा. स्वतःचं रान नसेल तरी त्या दिवशी आमच्याकडे या. बांधावरून कुणीतरी हाक मारेलच. नाही म्हणू नका.