पालीच्या छपरावरचे मंगळूर

१/ पाली हे रत्नागिरी तालुक्यातील तिठ्याचे गाव. येथून एक रस्ता आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो. पुढे तीच वाट बेळगाव-धारवाड गाठते. दुसरा रस्ता लांजा, राजापूर, गोवा, कारवार करीत मंगळूरला पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही वाटांच्या टोकांना एकाच जर्मन मंडळींनी चर्च वसवले. त्या चर्चच्या इतिहासाचा एक तुकडा कोकणातील जुन्या घरांवर आजही पाऊस झेलतो आहे. तो म्हणजे मंगळुरी कौल.

२/ बासेल मिशनची स्थापना १८१५ ची. बासेल शहर स्वित्झर्लंडमधले. परंतु मिशनमध्ये दाखल होणारे तरुण बहुतांशी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतातले, कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांतले होते. १८३३ च्या सनदी कायद्याने बिगर-ब्रिटिश मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात वास्तव्याची मोकळीक मिळाली आणि लगेच पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८३४ मध्ये, सॅम्युएल हेबिख, योहान लेनर व ख्रिस्तियान ग्राइनर हे तिघे मंगळुरास उतरले. १८३७ साली मिशन धारवाडला आणि १८३९ साली हुबळीला पोहोचले. हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

३/ १८३६ साली आलेला हेर्मान म्योग्लिंग हा या मंडळींतला सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत अस्वस्थ माणूस. १८४३ मध्ये त्याने शिळाछापावर ‘मंगळूर समाचार’ काढला. कन्नडमधील पहिले वृत्तपत्र म्हणून ते ओळखले जाते. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’नंतर अकरा वर्षांनी.

४/ या चर्चची खरी कसोटी लागली ती जानेवारी १८४४ मध्ये. आनंदराव कौंडिण्य या सारस्वत ब्राह्मण तरुणाने आणखी दोघांसह बाप्तिस्मा घेतला आणि शहरात खळबळ उडाली. आनंदरावाच्या दृष्टीने त्या एका दिवसात घर, जात, सोयरीक आणि पंगत ही सारी तुटली. म्योग्लिंगने १८४६ मध्ये त्याला बासेलला नेले. तेथे शिकून, धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन १८५१ मध्ये तो परतला. १८६० मध्ये त्याचा विवाह मारी राइनहार्ट या जर्मन तरुणीशी झाला. कोडगूमधील आनंदपूर या ख्रिस्ती वसाहतीला त्याचेच नाव आहे. परके जर्मन येथे स्थायिक झाले, ही या इतिहासाची एकच बाजू. त्यांच्या चर्चमध्ये आलेला माणूस आपल्याच गावात परका झाला, ही दुसरी. आणि ती अधिक जड आहे.

५/ याच सुमारास मुंबईत श्रीपाद शेषाद्री या मुलाचे प्रकरण गाजत होते. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या त्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे, म्हणून पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री पुढे झाले आणि सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी त्याची शुद्धी घडवून आणली. परतीचा दरवाजा उघडण्यास इतका आटापिटा करावा लागत असे, यावरूनच तो किती घट्ट बंद होता हे कळते. ज्याच्यासाठी बाळशास्त्री नव्हते, त्याला तो बंदच राहिला.

६/ जातीबाहेर पडलेल्या माणसाला केवळ उपासनेला जागा देऊन भागत नव्हते. त्याला पोट होते. परंपरेचा धंदा गेला, कूळ म्हणून कसायची जमीन गेली. म्हणून मिशनने हातमाग घातले. १८५१ मध्ये योहान हालर हा विणकर आला आणि रंगाई-विणाईला वेग आला. खाकी रंगाचा शोध हालरने लावला, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते. मात्र पंजाबातील गाइड्स पलटण त्याच्या आगमनापूर्वीच खाकी वापरत होती. तेव्हा ती कथा जरा सांभाळूनच घ्यावी.

७/ कौलांचा कारखाना मात्र निर्विवाद. १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट याने मंगळुरात नेत्रावतीकाठी जेप्पू येथे तो सुरू केला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची मूळ कल्पना आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. नदीकाठची चिकणमाती साच्यात दाबून, वाळवून, भट्टीत भाजून हे कौल तयार होई.

८/ ज्याने गावठी नळ्यांचे घर पाहिले आहे, त्याला या कौलाचे मोल सांगावे लागत नाही. नळे नुसते एकावर एक टेकलेले असतात. वाऱ्याने, माकडांनी, मांजरांनी सरकतात. दर वर्षी मिरगापूर्वी माणूस वर चढवून ते चाळून घ्यावे लागतात, नाहीतर आषाढात घरभर भांडी मांडून बसावे लागते. मंगळुरी कौल खाचेत खाच अडकून रिपेवर बसते आणि चौरस फुटाला कितीतरी कमी लागते. मंगळुरातील इतर उद्योजकांनीही लवकरच हे तंत्र उचलले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कौले उत्तरेकडे जाऊ लागली. कौल उलटे केले की कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत दिसते.

९/ यात एक अडचण होती आणि ती मिशनच्या मंडळींनाही जाणवत होती. मजुरी देणारा आणि उपदेश करणारा एकच. कामगार रविवारी ज्याच्यासमोर प्रार्थनेला बसे, सोमवारी त्याच्याच हाताखाली राबे. अशा ठिकाणी श्रद्धा कोठे संपते आणि रोजगार कोठे सुरू होतो, हे बाहेरच्याने ठरवणे कठीण. आतल्यालाही ते सोपे नसावे.

१०/ मंगळुरात बलमठ्यावर १८६२ साली बांधलेले चर्च आज शांती कॅथेड्रल म्हणून ओळखले जाते. ते बांधले गेले तेव्हा हे जर्मन लोक येथून कधी जातील असे कोणाला वाटले नसेल. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ते एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मन मिशनऱ्यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. स्त्रिया-मुलांची ‘गोलकोंडा’ जहाजातून मायदेशी पाठवणी झाली. युद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले.

११/ संस्थापक छावणीत, मालमत्ता सरकारजमा. तरीही उपासना थांबली नाही, कारण कन्नड आणि तुळू बोलणारे स्थानिक पाळक व पंच ती चालवीत होते. ज्यांना जातीने टाकले आणि पोशिंद्यांना ज्यांच्यापासून युद्धाने तोडले, त्यांच्याच हाती चर्च आले. १९४७ च्या सप्टेंबरात ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा मंगळूर-मलबारची बासेल मंडळी त्यात सामील झाली. धारवाड-हुबळीकडील मंडळी काही वर्षांनी आली.

१२/ कोकणात आता कौलांच्या जागी पत्रा आणि स्लॅब येतो आहे. उतरवलेली कौले फेकली जात नाहीत; ती गोठ्यावर, न्हाणीघरावर चढतात, उरलेली परसात रचून ठेवली जातात. त्यांच्या पाठीवरची अक्षरे शेवाळाखाली अजून वाचता येतात.