एका कानाचं गणित

आपल्याला दोन कान असतात ते सर्व्हरसारखे, एक बंद पडला तर दुसरा बॅकअप. असं बऱ्याच जणांना वाटतं. माझी ताई हिंगोली जिल्ह्यात वसमतजवळ राहते, तिच्या सासूबाईंचंही हेच मत. "एक कान चांगलाय की लेकराचा. भागतंय."

लेकरू म्हणजे माझी भाची, वय वर्षं नऊ. तिला गालगुंड झाले, ताप आला, गाल सुजले, आठवड्याभरात उतरलेही. डावा कान मात्र जाताना घेऊन गेले. कुणाला कळलंच नाही, कारण दुखलं काही नाही आणि पोरगी बोलत तर होतीच. पुढे एकदा ताईने माझा फोन तिच्या डाव्या कानाला लावला, तर म्हणाली, "मामा बोलतच नाहिये." गालगुंडाने असा एक कान जाणं डॉक्टरांना नवीन नाही. महाराष्ट्रात २०१८ साली शाळाशाळांतून जी मोठी लसीकरण मोहीम झाली ती गोवर-रुबेलाची होती, गालगुंडाची लस त्यात नव्हती.

तर मुद्दा असा की दोन कान हे बॅकअप नाहीतच. ते जोडीने चालतात. डावीकडचा आवाज उजव्या कानाला साधारण ०.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. शिवाय मध्ये डोकं येतं. त्याच्या आडोशाने बारीक, उंच पट्टीचे आवाज १५-२० डेसिबलने कमी होऊ शकतात. स, श, च, ट ही अक्षरं नेमकी तिथलीच. त्यामुळे डावीकडून कुणी बोललं की भाचीला आवाज येतो, शब्द येत नाही. वर्गाच्या गलक्यात ती 'सात'चं 'साठ' ऐकायची आणि सर म्हणायचे, "लक्ष नसतं हिचं." गंमत नाही ही. १९८० च्या दशकात अमेरिकेत बेस आणि थार्प या संशोधकांनी एका कानाने कमी ऐकणारी ६० मुलं तपासली. त्यातली ३५ टक्के एकदा तरी नापास झालेली होती.

मग दाजी तिला शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. दहा मिनिटांत तपासणी झाली. "डाव्या कानाला जरा कमी येतं, मशीन लावा." लावलं. दोन दिवसांनी पोरीने ते काढून डब्यात ठेवलं.

इथे खरी मेख आहे. डाव्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून उजव्या कानाला जातो आणि मूल प्रामाणिकपणे हात वर करतं. कागदावर ५०-६० डेसिबलची 'मध्यम' घट दिसते, प्रत्यक्षात कान पूर्ण बंद! म्हणून तपासताना चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. त्याला मास्किंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टच चुकीची लिहिलेली, आणि रिझल्ट मात्र हिरवा.

नांदेडला सगळं नीट झालं. मी सुट्टी टाकून सोबत गेलो होतो. मास्किंग, मग बेरा टेस्ट. डाव्या कानाकडून काहीच नाही. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "या कानात कितीही जोरात आवाज घातला तरी उपयोग नाही हो. आवाज उजवीकडे न्यावा लागेल."

त्या मशीनला क्रॉस म्हणतात. १९६५ साली हार्फर्ड आणि बॅरी यांनी त्याची कल्पना मांडली. बंद कानावर माइक, चांगल्या कानावर रिसीव्हर. तेव्हा मध्ये वायर असायची, आता वायरलेस. चांगला कान बुजवायचा नाही, म्हणून त्यात मोकळं, छिद्रांचं टोक घालतात. पण दिशा याने परत येत नाही, आणि गोंगाट डावीकडे असला तर तोही इमानदारीत उजवीकडे येतो. त्यासाठी बटणं सांभाळण्याइतकं वय लागतं. बंद कानालाच ऐकू यावं तर कॉक्लिअर इम्प्लांट. अमेरिकेने एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. पण ते ऑपरेशन, आणि खर्च मोठा.

दाजींनी विचारलं, "सरकारी मदत?" त्याचं गणित ऐका. २०१८ च्या नियमांत चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले ५, अधिक वाईट कानाची, आणि सगळ्याला भागिले ६. भाचीचे (० × ५ + १००) ÷ ६, म्हणजे जेमतेम १७ टक्के. एडिप योजनेतल्या मशीनला ४० लागतात. म्हणजे सूत्राच्या हिशेबानेही सासूबाई बरोबर... भागतंय!

असो. मला आवडलं ते मॅडमचं विचारणं. वर्गात कुठे बसते? सर कुठे उभे राहतात? खिडकी कुठल्या बाजूला? मशीनचं नाव त्यांनी शेवटी काढलं. ठरलं असं: पहिला बाक, डावीकडच्या भिंतीला लागून, म्हणजे उजवा कान वर्गाकडे. सरांच्या गळ्यात छोटा वायरलेस माइक, त्याचा रिसीव्हर तिच्या उजव्या कानात. क्रॉसचं ती मोठी झाल्यावर, काही दिवस वापरून बघून. सरांनी कागद वाचला, बाक बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडी गणितं तिच्याकडे बघून घालायला लागले. बाकाला खर्च शून्य रुपये.

आता तुमच्यासाठी. एक कान अचानक गेला तर "मळ असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसावाले डॉक्टर गाठा. औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत. एकाच कानाने ऐकत असाल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, हेडफोनमधलं अर्धं गाणं परत येईल. आणि ऑफिसात कुणी हाक मारल्यावर भलतीकडेच बघत असेल, तर त्याला माजोरडा म्हणण्याआधी एकदा त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा.